कपाटामागची सतरंजी

नवरात्र सुरू झालं की बडोद्यात आमच्या अकोट्यातल्या फ्लॅटच्या काचा थरथरायला लागतात. सोसायटीचा गरबा वेगळा, मैदानावरचा वेगळा, आणि समोरच्या सोसायटीचा माईक या दोघांना पुरून उरणारा. माझा मुलगा खिडक्या लावून घेतो, मी उघडते. यावरून आमची दरवर्षी जुंपते. त्याला झोप हवी असते आणि मला सातविणीचा वास हवा असतो. आश्विनात रस्त्याकडेच्या सातविणी फुलतात, त्यांचा तो उग्र, डोकं जड करणारा वास संध्याकाळी घरात शिरतो. लोकांना तो सोसत नाही. मला तो आला की शाळेची घंटा ऐकू येते, सहामाही परीक्षेचे पेपर काढायचे राहिलेत असं वाटतं, आणि मग आठवतं की आपण निवृत्त होऊन जमाना झाला.

परवा सूनबाईनं मोबाईल पुढे केला. "आई, जुईच्या शाळेत काय केलंय बघा." जुई म्हणजे माझी नात, इंग्रजी शाळेत दुसरीला आहे. फोटोत वर्गाचा एक कोपरा होता. निळा गालिचा, भिंतीवर रंगवलेले ढग, बसायला दोन गुबगुबीत पोती, दाबायला रबरी चेंडू. मुलाला राग आला, रडू फुटलं, हातापायांत वारं शिरलं की त्यानं आपणहून तिथे जाऊन बसायचं, शांत झालं की परत यायचं. वर इंग्रजीत पाटी. सूनबाई कौतुकानं म्हणाली, "तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?"

"होतं की," मी म्हटलं. "कपाटाच्या मागे."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. घरात माझा लौकिकच तसा आहे, त्यामुळे खरं बोलले तरी कुणी मनावर घेत नाही. पण त्या रात्री समोरचा माईक बंद झाला तरी मला झोप लागली नाही, कारण कपाटामागची ती सतरंजी डोळ्यांपुढून हलेना.

तेव्हा आम्ही नागरवाड्यात राहत होतो आणि मी जवळच्याच एका मराठी शाळेत तिसरीला शिकवत होते. बाहेर जग भराभर बदलत होतं. घरोघरी केबल आली होती, गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं खोपटं उभं राहिलं होतं, आणि इंग्रजी शाळांच्या बसगाड्या मराठी घरांच्या दारात थांबायला लागल्या होत्या. जुन्या बडोद्यातल्या कारकुनांची, शास्त्र्यांची नातवंडं त्या बसगाड्यांत चढून गेली. आमच्या बाकांवर उरली ती बहुतेक जळगाव-धुळ्याकडून रेल्वेत, कारखान्यांत नोकरीला आलेल्यांची मुलं. तरसाली-मकरपुऱ्याहून रिक्षात एकावर एक बसून यायची. "बाई, हा मला हेरान करतो," "बाई, चोपडी घरी राहून गेली," असं त्यांचं गुजराती वळणाचं मराठी. आधी मी सुधारायला जायचे. पुढे माझ्याच तोंडी 'चालो' आणि 'हा ने' इतके रुळले, की कुणाला काय सुधारणार, म्हणून सोडून दिलं.

सुवर्णा त्याच रिक्षातून यायची. सगळ्यांत आधी उतरायची, म्हणजे रिक्षा थांबायच्याही आधी. आठ वर्षांची, काटक, गुडघ्यांवर कायम खपल्या. ती बसायची नाही. खोडी काढायची म्हणून नव्हे, तिला बसताच यायचं नाही. एक पाय बाकावर, एक खाली, हात शेजारणीच्या वेणीत, डोळे खिडकीबाहेरच्या खारीवर, आणि पाढा मात्र अचूक. फिरत फिरत बाराचा पाढा घडाघडा म्हणायची, खाली बसवली की बारा दुणेला अडकायची. कुणी ओरडलं, ढकललं, नुसतं हसलं तरी तिच्या अंगात काहीतरी पेटायचं. मग हातात असेल ते भिरकावायची, चावायची, आणि मागाहून स्वतःच घाबरून बाकाखाली शिरायची. आज अशा मुलांसाठी डॉक्टर आहेत, नावं आहेत. आमच्याकडे तेव्हा दोनच शब्द होते, द्वाड आणि वाया गेलेली. तिसरा शांताबेननं दिला. शांताबेन म्हणजे आमच्या शाळेतली शिपाईण. कपाळाला हात लावून म्हणाली, "बेन, आ छोकरी नथी, वावाझोडुं छे." वावाझोडुं म्हणजे वादळ. मला त्यातल्या त्यात हा शब्द बरा वाटला, कारण वादळाला कुणी शिक्षा करत नाही.

त्या वर्षी पितृपंधरवड्यात सुवर्णानं फेकलेली कंपासपेटी एका मुलीच्या कपाळाला लागली. खोक पडली नाही, पण टेंगूळ चांगलं आलं. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील मुख्याध्यापिकांसमोर उभे. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. ती शाळा त्यांनी आपल्या अंगावर पेलली होती. दर जूनला वर्गात मुलं कमी दिसली की त्यांचा चेहरा उतरायचा. त्या मला म्हणाल्या, "एका पोरीपायी चार पोरं जातील, आणि चार गेली की तुकडीच जाईल. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघते. तोवर नाही सुधारली तर दाखला देऊन मोकळी होते."

"मग ती जाईल कुठे?" मी विचारलं.

"ते तिच्या आईबापांनी बघायचं."

आईबाप काय बघणार, ते मला माहीत होतं. वडील एका कारखान्यात पाळीवर जात. सुवर्णाची आई घरात फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. एकदा फाटकाशी मला म्हणाली होती, "सासूबाई म्हणतात, पोरीला कशाला एवढ्या लांब पाठवता, घरी राहिली तर धाकट्याला तरी सांभाळेल. शाळेनं काढून टाकली तर मी कोणत्या तोंडानं भांडू, बाई?" म्हणजे दाखला मिळाला की सुवर्णाची शाळा संपलीच. मला ते सहन होईना. मुलं मला लाडकी-दोडकी नव्हती असं मी म्हणणार नाही. ही लाडकी होती, कारण मीही तिच्यासारखीच तापट.

तापटपणा माझ्या आईकडून आलाय. तिला राग आला की ती तांदळाचं ताट घेऊन माजघरात बसायची आणि निवडायला लागायची. तेवढ्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही, अगदी बाबांनीसुद्धा. ताट निवडून झालं की उठून म्हणायची, "चला, पानं घ्या." राग गेलेला असायचा. आमच्या भातात आयुष्यात कधी खडा लागला नाही, यावरून आईचा स्वभाव कळावा.

नवरात्राच्या तोंडावर एका दुपारी मी आणि शांताबेननं वर्गातलं लोखंडी कपाट ढकलून खिडकीपुढे उभं केलं. कपाटाची पाठ आणि खिडकी यांच्यामध्ये एक गल्ली तयार झाली, दोन मुलं मांडी घालून बसतील एवढी. तिथे घरची जुनी सतरंजी अंथरली. एका परातीत मूग, मसूर, चवळी, हरभरे असे मिसळून ठेवले, शेजारी चार वाट्या. पाण्याच्या निमित्तानं सुवर्णा सारखी बाहेर पळायची, म्हणून तांब्या-भांडंही ठेवलं. सकाळी पिशवीत हे सगळं भरताना आमचे हे म्हणाले, "शिकवायचं सोडून वाण्याचं दुकान टाकतेस की काय?" मी म्हटलं, "चाललं तर तुम्हाला गल्ल्यावर बसवते."

चाललं नाही. आपल्याकडे शाळेतला कोपरा म्हणजे शिक्षा, हे पोरांना पहिल्या इयत्तेपासून ठाऊक असतं. सुवर्णा बिथरलेली बघून मी प्रेमानं म्हटलं, "जा बाळा, तिथे जाऊन बस थोडा वेळ," आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघून खुदखुदला. ती गेली, आणि पुढच्याच क्षणी परात उपडी झाली. मूग-मसूर बाकांखालून फळ्यापर्यंत पसरले. मग काय, सगळी पोरं जमिनीवर. कुणी हरभरा तोंडात टाकतोय, कुणी नाकात घालून बघतोय. सुवर्णा मात्र भिंतीला पाठ लावून उभी होती, आता मारणार या बेतानं खांदे वर घेऊन. मी मारलं नाही, पण मनात आलं नव्हतं असं नाही.

दोन-चार दिवसांनी माझंच डोकं फिरलं. आदल्या रात्री सगळी पोरं गरब्यात जागलेली, डोळे तारवटलेले, कुणाचं लक्ष नाही. घरी माझ्या सासूबाईंचा ताप. शिवाय त्या दिवशी ऊन असं की पंख्याखाली खडूसुद्धा घामेजावा. मागच्या बाकावरचा एक मुलगा तिसऱ्यांदा जांभई देऊन वर हसला, आणि माझा हात उचलला गेला. तो हात तसाच खाली घेऊन मी एक अक्षर न बोलता कपाटामागे गेले, सतरंजीवर बसले आणि मूग वेगळे करायला लागले. वर्ग चिडीचूप. थोड्या वेळानं कुणीतरी कुजबुजलं, "बाई रुसल्या का?" दुसरा म्हणाला, "नाय रे, बाईंना राग आला म्हणून बसल्या." मी मुकाट्यानं मूग वेचत होते. दाणे बोटांना गार लागत होते. खिडकीतून सातविणीचा वास येत होता. आई का निवडत बसायची, ते मला त्या दिवशी कळलं. उठून आले आणि जांभईवाल्याला म्हटलं, "चाल, वाच." त्यानं वाचलं.

तेव्हापासून कपाटामागचा कोपरा शिक्षेचा राहिला नाही. बाई बसतात म्हटल्यावर तिथे बसण्यात मान होता. उलट पोरांची रांग लागली, तेव्हा मला नियम करावे लागले. कुणी कुणाला तिथे पाठवायचं नाही, ज्याचं त्यानं जायचं. तिथे बोलायचं नाही. आणि परत आलेल्याला काय झालं होतं म्हणून विचारायचं नाही. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यांत अवघड गेलं. आपली घरं माणसांनी भरलेली. मूल जरा एकटं बसलेलं दिसलं की आपण धावतो, बरं नाही का, कुणी मारलं का, भूक लागली का. मायेनंच विचारतो, पण त्या मायेत पोराला श्वास घ्यायला जागा राहत नाही. तान्हेपणी पाळण्यात टाकलेलं असतं तेवढाच काय तो त्याचा एकांत.

सुवर्णा सगळ्यात शेवटी गेली. दोन दिवस कपाटाभोवती घिरट्या घातल्या, आत डोकावली, लांबून परातीत बोट घातलं. मग एकदा भांडणाच्या ऐन मध्यावर मूठ वळलेली तशीच ठेवून आत शिरली. मी हळूच बघितलं. ती निवडत नव्हती. मनगटापर्यंत दोन्ही हात धान्यात खुपसून डोळे मिटून बसली होती. पाय हलत होता, पण बाकीची ती जागेवर होती. मला इतका आनंद झाला की मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुन्हा लिहिली. रोज असं व्हायचं असं मात्र नाही. कधी पोचेपर्यंतच स्फोट व्हायचा, कधी तिथून उठून आली की पुन्हा तेच. पण भिरकावणं कमी झालं होतं, आणि ते फक्त मला दिसत होतं.

नवरात्रात आमच्या शाळेत भोंडला व्हायचा. रात्री जी पोरं टिपऱ्या घेऊन गरब्यात घुमायची, तीच दुपारी अंगणात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायची. बडोद्याच्या मराठी पोरांना यात काही वावगं वाटत नाही, सणाला दोन्ही हातांनी धरून चालतात ती. आया घरून झाकलेली खिरापत आणायच्या आणि मुलींनी ती ओळखायची. त्या वर्षी सुवर्णाची आई तरसालीहून बस बदलून डबा घेऊन आली. लेक फेरात दिसेना म्हणून शोधत वर वर्गात गेली. मी तिच्या मागोमाग जिना चढले, मनात खूष होते. खाली एवढा गलका चालू असताना पोरगी आपणहून शांत जागी जाऊन बसली असणार, हे मला कळलं होतं, आणि ते तिच्या आईला दाखवायची घाई झाली होती.

सुवर्णाची आई कपाटाशी थबकली. हातातला डबा तिनं छातीशी धरला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला बाजूनंही दिसलं.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "हिला बाजूला कुणी बसवलं?"

मला समजेना.

"एवढीशी आहे हो ती. आठ वर्षांची. एवढ्यात कसं होईल?"

मग मला ते तिच्या डोळ्यांनी दिसलं. सगळ्यांपासून दूर, आडोशाला, वेगळी सतरंजी. वेगळं तांब्या-भांडं. आणि हात रिकामे बसू नयेत म्हणून पुढ्यात निवडायला दिलेलं धान्य. महिन्याच्या त्या दिवसांत तिच्या सासूबाई तिला स्वतःला अगदी अशाच बसवत होत्या. माझ्या आईच्या पिढीनं हे सगळं भोगलं, आणि मी ते साफ विसरून मांडून ठेवलं होतं.

"अहो, तसलं काही नाही," मी घाईनं सांगायला लागले. "राग आला, दमायला झालं की मुलं इथे येऊन बसतात. शिवाशिवीचं काही नाही यात."

भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. "मग माझीच पोर बरी सापडली? घरी मला बसवतात, इथे तुम्ही हिला बसवा. शिकायला पाठवलीय मी, धान्य निवडायला नाही."

"मीसुद्धा बसते तिथे," मी म्हटलं. "मुलांना विचारा."

"तुम्ही हौसेनं बसता, बाई."

तिनं सुवर्णाला दंडाला धरून उठवलं आणि घेऊन गेली. डबा बाकावरच राहिला, तो मी खाली नेला. खाली मुलींनी बेसनाचे लाडू, चिवडा, काय काय नावं घेतली. आत करंज्या निघाल्या, फार सुरेख मुरड घातलेल्या. माझ्या वाट्याची मी शांताबेनला दिली.

त्यानंतर सुवर्णा आलीच नाही. दसऱ्याच्या आधी आम्ही वर्गात पाटीपूजन करायचो, एकाचे आकडे जोडून पोरं पाटीवर सरस्वती काढायची. तिची जागा रिकामी राहिली. दसरा गेला. फाफडा-जिलेबीच्या रांगा लागल्या आणि ओसरल्या, कोजागरीला आमच्याकडे दूध आटलं आणि शेजारच्या बेननं वाटीभर दूधपौवा आणून दिला. मग मी डबा घासून काढला. रिकामा डबा परत द्यायचा नाही, म्हणून त्यात साखर घातली आणि यांच्या स्कूटरवर मागे बसून तरसालीला गेले.

दोन खोल्यांचं घर होतं. आत शिरताच तेलाचा वास आणि धग. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. खाटेवर सासूबाई धाकट्याला थोपटत होत्या. त्यांनी मला "या बाई" म्हटलं आणि जागा करून दिली, वागण्याला काही कमी नव्हत्या. सुवर्णाची आई स्टोपुढे बसून चकल्या पाडत होती. केसांना पीठ, डोळे लाल. किती दिवस धड झोपली नसेल कोण जाणे. उठायला गेली, मी बसवलं, कारण तेल तापलेलं होतं. सुवर्णा तयार चकल्यांचं ताट घेऊन एका खोलीतून दुसरीत पळत होती, आणि गंमत म्हणजे एकही मोडत नव्हती.

मी डबा ठेवला आणि म्हटलं, "तुम्हाला जे वाटलं ते वाटणं बरोबर होतं. मला आधी सुचायला हवं होतं. पण पोरीला परीक्षेला पाठवा."

ती चकल्या उलटत राहिली. मग सुवर्णाच मध्ये बोलली. "आई, तिथे कुणीच बोलत नाही. मला आवडतं तिथे."

आईनं झारा निथळत धरला आणि तिच्याकडे बघितलं. मग सासूबाईंना ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात मला म्हणाली, "पाठवते. पण मोठ्या बाईंचं मला माहितीय. त्यांनी दाखला दिला ना, बाई, की ही पण अशीच होणार. माझ्यासारखी. स्टोपुढे." तेलातल्या चकल्या करपायला लागल्या म्हणून ती पुन्हा खाली वाकली.

यांनी स्कूटर घराकडे वळवली. मला माझी आत्या आठवत होती. ती म्हणायची, "बाहेरची बसायचे ना, तेवढाच पाठीला आराम." मला त्या बोलण्याचा संताप यायचा आणि ते खोटंही वाटायचं नाही. बाईला घटकाभर टेकू द्यायचं, तर आधी तिला विटाळशी ठरवायला लागत होतं. नुसती दमलीय म्हणून बस बाई, असं आमच्या घरांत कुणी कुणाला म्हणालं नाही. मीही कुणाला म्हटल्याचं आठवत नाही.

सुवर्णा परीक्षेला आली. गणिताचा पेपर तिनं बाकाशी उभं राहून सोडवला आणि छान सोडवला. मराठीच्या पेपरला दुसऱ्या वर्गात बसवलं होतं. तिथे कपाटही नव्हतं आणि मीही नव्हते. कुणीतरी खोडरबर ओढलं, हिनं आपली उत्तरपत्रिका टराटरा फाडली, शेजारच्याचीही फाडली आणि पळत सुटली. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. ओरडल्या नाहीत. "तुम्ही पुष्कळ केलंत. सुट्टी लागेल त्या दिवशी तिच्या आईला बोलवा." मी वाद घातला, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही.

सुट्टी लागायच्या दिवशी शाळा अर्धीच होती. पोरं घोटीव कागदाचे कंदील करत होती, सगळीकडे खळीचा चिकटा. सुवर्णाची आई आली. मोठ्या बाईंकडे पालकांची गर्दी होती, म्हणून मी तिला वर्गातच थांबवलं. ती दाराशी उभी राहिली, भिंतीला टेकून, जणू कुणी बस म्हणायची तिला सवयच नव्हती. मी माझी खुर्ची पुढे केली, ती नको म्हणाली. तेवढ्यात सुवर्णानं तिचा हात धरला आणि तिला कपाटामागे घेऊन गेली.

"इथे बस," तिचा आवाज आला. "आता बोलायचं नाही हं."

मी डोकावून पाहिलं. आई अवघडून बसली होती, पदर आवळून. सुवर्णानं परात तिच्यापुढे सरकवली. आईनं माझ्याकडे पाहिलं. यावेळी तिला कुणी बसवलं नव्हतं, लेकीनं जागा दिली होती. तिनं हात परातीत घातला. धान्याचा सळसळ आवाज बराच वेळ येत राहिला, सवयीचे हात होते ते. मग तो थांबत थांबत बंद झाला.

मुलं कंदील घेऊन गेली. मी सगळ्यांना खुणेनं गप्प केलं आणि चोरपावलांनी बाहेर काढलं, आणि नवल म्हणजे ती तशीच गेली. रिक्षावाला खाली भोंगा वाजवून वाजवून निघून गेला. मी टेबलाशी बसून राहिले, एकही पेपर न तपासता. उन्हं खिडकीतून सरकत कपाटाच्या कडेवर आली.

मोठ्या बाई दाखला घेऊन आल्या. मी उठून काही म्हणायच्या आत त्या कपाटाला वळसा घालून गेल्या. मीही मागे गेले.

सुवर्णानं मान वर केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आई गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, बोटांच्या पेरांना अजून पिठाचे पांढरे डाग. तिचं डोकं सुवर्णाच्या एका मांडीवर होतं. दुसरा पाय थांबून थांबून उडायला बघत होता आणि सुवर्णा तो दोन्ही हातांनी दाबून धरत होती. गुडघ्यावर तिच्याच बोटांचे वळ उठले होते. केस घामानं कपाळाला चिकटले होते. पाय मुठींखाली उसळायचा, ती दात खाऊन तो खाली दाबायची, आणि आईच्या डोक्याखालची मांडी तसूभर हलू द्यायची नाही.

मोठ्या बाईंनी वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी दाराकडे गेल्या. दारातून मला कुजबुजत म्हणाल्या, "पंखा जरा वाढवा." दाखला त्यांनी तसाच परत नेला. त्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

मी पंखा वाढवला आणि सतरंजीवर सुवर्णाशेजारी बसले. तिचा तो पाय उचलून मी माझ्या मांडीवर घेतला. बाईंना पाय लागतो म्हणून तिनं तो घाबरून मागे ओढला. मी तो धरून ठेवला.